अयोर्टाचा फुगा: रिपोर्ट हातात पडल्यापासून टाके सुकेपर्यंत

दादाच्या टू-डी इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, पहिला रिपोर्ट मला गणपतीत सापडला. चिपळूणजवळच्या आमच्या घरी माळ्यावरून समया आणि टाळ खाली काढताना एका प्लॅस्टिकच्या पिशवीत, वीजबिलांच्या मध्ये घडी घालून ठेवलेला. दोन वर्षांपूर्वी हर्नियाच्या ऑपरेशनआधी फिटनेससाठी तो काढला होता. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, हृदयाचं पंपिंग ६० टक्के, म्हणजे उत्तम. ती ओळ वाचून घरचे निर्धास्त झाले. वर आकड्यांच्या तक्त्यात मात्र आणखी एक ओळ होती: असेंडिंग अयोर्टा ४४ मिलिमीटर. आणि अयोर्टिक व्हॉल्व्हपुढे ‘बायकस्पिड’ लिहून प्रश्नचिन्ह.

“वन्सं, डॉक्टर म्हणाले हार्ट एकदम चांगलं आहे,” वहिनी म्हणाली. हार्ट चांगलंच होतं. हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी फुगत चालली होती, आणि ते कुणी मोठ्याने वाचलं नव्हतं.

मी मुंबईत हृदयशस्त्रक्रियेच्या आयसीयूत १९ वर्षं सिस्टर आहे. अशा फुग्याचे पेशंट आमच्याकडे दोन वाटांनी येतात. काही ठरलेल्या तारखेला, स्वतःच्या पायांनी, हातात बॅग घेऊन. काही रात्री दोन वाजता रुग्णवाहिकेतून, धमनी फाटल्यावर. पहिल्या वाटेने आलेले बहुतेक सगळे, हातचं चांगलं केंद्र असेल तर शंभरातले ९५ हून अधिक, घरी जातात. दुसऱ्या वाटेने जे टेबलापर्यंत पोचतात त्यांच्यातलासुद्धा साधारण पाचातला एक हाती लागत नाही, आणि पोचण्याआधीच गेलेले यात धरलेले नाहीत. आजार तोच. फरक आकडा वेळेवर वाचण्याचा. दादाच्या वेळी घरच्यांना मी जे जे सांगितलं, ते इथे क्रमाने लिहिते.

आधी आकडा शोधा

अयोर्टा, म्हणजे महाधमनी, हृदयातून निघून वर चढते, गळ्याखाली म्हाताऱ्याच्या काठीच्या मुठीसारखी वळते आणि पाठीच्या कण्याला धरून पोटात उतरते. हृदयाला लागून असलेला बुंधा म्हणजे रूट. याच बुंध्यातून हृदयाला रक्त पुरवणाऱ्या दोन कोरोनरी वाहिन्या फुटतात. वर चढणारा भाग असेंडिंग, मुठीचा भाग आर्च, खाली उतरणारा डिसेंडिंग. रिपोर्टमध्ये हे शब्द शोधा आणि प्रत्येकापुढचा आकडा एका वहीत तारखेसकट लिहून काढा. मोठ्या माणसाची असेंडिंग अयोर्टा साधारण ३ ते ३.५ सेंटीमीटर असते, बुंधा त्याहून थोडा रुंद. ४ च्या पुढे गेली की ती रुंदावली म्हणतात, ४.५ च्या पुढे सरळ फुगा, म्हणजे अॅन्युरिझम.

सायकलच्या ट्यूबला जिथे फुगवटा येतो तिथेच रबर पातळ होतं आणि हवेचा ताणही तिथेच सगळ्यांत जास्त बसतो. धमनीचंही तसंच. जितकी रुंद, तितका भिंतीवर ताण, आणि ताणामुळे आणखी रुंद.

दुखतं का, असं सगळे विचारतात. बहुतेकांना काहीच होत नाही. दादा सुतार आहे, वय ५४. रिपोर्ट सापडला त्या आठवड्यात तो फणसाच्या फळ्या एकट्याने उचलून गिरणीतून आणत होता. फुगा मोठा होऊन शेजारच्या नसांवर, श्वासनळीवर दाबला तर आवाज बसतो, कोरडा खोकला राहतो. हृदयाच्या तोंडाशी असलेली अयोर्टिक झडप, म्हणजे व्हॉल्व्ह, गळायला लागली तर जिना चढताना धाप लागते. पण या खुणांची वाट बघत बसू नये, कारण पुष्कळदा पहिली खूण म्हणजे धमनी फाटणं हीच असते.

मोजमाप नीट झालंय का, हे विचारायला लाजू नका

दादाचा पुन्हा इको केला तेव्हा ५१ मिलिमीटर आले. मग कॉन्ट्रास्ट, म्हणजे शिरेतून रंगद्रव्य, घालून सीटी अँजिओ, म्हणजे धमन्यांचा सीटी स्कॅन, केली. तिच्या रिपोर्टवर ५८ होते. वहिनी रडायलाच लागली. सर्जननी कागद बाजूला ठेवला, सीडी लावली, स्वतः माऊस घेऊन मोजलं आणि ५२ सांगितलं.

खोटं कुणीच बोलत नव्हतं. काकडी सरळ आडवी कापली तर चकती गोल येते, तिरकी कापली तर लांबट. धमनी छातीत वाकडी जाते. सीटीच्या सरळ छेदात ती तिरकी कापली गेली की लांबट चकतीचा मोठा आकडा लिहिला जातो. धमनीच्या प्रवाहाला काटकोनात छेद घेऊनच मोजावं लागतं. दुसरी गोष्ट, हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला बुंधा हलतो, त्यामुळे फोटो हलतो. म्हणून सीटी ‘ईसीजी-गेटेड’ करून घ्यावी, म्हणजे ठोक्याच्या ठरावीक क्षणीच चित्र घेतलं जातं. सीटीला जाण्याआधी या दोन गोष्टी फोनवरच विचारा. सीडी मागून घ्या आणि जपून ठेवा; सर्जनला कागदापेक्षा सीडी हवी असते. कॉन्ट्रास्टच्या आधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम कळणारी रक्ततपासणी, बघतात. मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू असेल तर ते सांगा.

इको करणाऱ्याचा हात आणि कोन बदलला की दोन-तीन मिलिमीटरचा फरक पडतो. म्हणून इकोची तुलना इकोशी, सीटीची सीटीशी, शक्यतो त्याच ठिकाणी. माणूस तरुण असेल आणि दरवर्षी तपासायचं असेल तर एमआरआयचा विचार होतो, त्यात किरणं नसतात.

इकोवाल्यांना आणखी एक आवर्जून विचारा: अयोर्टिक झडपेला पाकळ्या तीन आहेत की दोन? साधारण शंभरातल्या एक ते दोन माणसांना जन्मतःच दोन असतात. ती बायकस्पिड झडप. तिच्यासोबत धमनीची भिंतही पुष्कळदा नाजूक असते. दादाच्या रिपोर्टमधलं प्रश्नचिन्ह तेच होतं, आणि दुसऱ्या इकोत पाकळ्या दोनच असल्याची खात्री झाली. फुग्याची बाकी कारणं म्हणजे वर्षानुवर्षांचं न सांभाळलेलं ब्लडप्रेशर, वय, मारफान आणि लोएस-डीट्झसारखे घराण्यातून येणारे विकार, आणि आपल्याकडे तरुण बायकांत दिसणारा ताकायासू हा धमन्यांच्या सुजेचा आजार. हाडापेराने लांबलचक, बोटं लांब, मूठ मिटून आत दुमडलेला अंगठा दुसऱ्या बाजूने नखासकट बाहेर येतो, चष्म्याचा नंबर मोठा किंवा डोळ्यातलं भिंग सरकलेलं, असा कुणी घरात असेल तर मारफानसाठी तपासून घ्या.

ऑपरेशन कधी

बरीच वर्षं ५.५ सेंटीमीटर हा दंडक होता. अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, अनुभवी टीम असेल तर ५ वरही करणं योग्य मानलं जातं. मारफानमध्ये ५, आणि घरात कुणाची धमनी फाटलेली असेल तर ४.५. लोएस-डीट्झमध्ये काही वेळा त्याहूनही लवकर. झडपेसाठी छाती उघडणारच असाल तर ४.५ ची धमनीही त्याच वेळी बदलतात. आणि आकडा कितीही असो, एका वर्षात अर्धा सेंटीमीटर वाढला, किंवा सलग दोन वर्षं दरवर्षी ३ मिलिमीटर वाढला, तर थांबत नाहीत. ४४ वरून दोन वर्षांत ५१, दोन पाकळ्यांची झडप आणि तीही बऱ्यापैकी गळणारी. दादाचा निर्णय सोपा होता. उंचीही बघतात. पाच फुटांच्या बाईची ४.८ आणि सहा फुटांच्या माणसाची ४.८ सारखी नव्हे, हे ठेंगण्या माणसांच्या नातेवाइकांनी डॉक्टरांना नक्की विचारावं.

आकडा कमी असेल तर ऑपरेशन नाही, फक्त नजर. पण नजर म्हणजे तारीख ठरवून केलेली तपासणी. पहिल्या तपासणीनंतर साधारण सहा ते बारा महिन्यांत पुन्हा एकदा, मग डॉक्टर सांगतील तसं. वहीत पुढची तारीख लिहिल्याशिवाय ओपीडीतून बाहेर पडू नका.

वाट बघण्याच्या काळात

ब्लडप्रेशर १३०/८० च्या खाली. त्यासाठी बहुधा मेटोप्रोलॉलसारखी ठोक्यांचा जोर कमी करणारी गोळी किंवा लोसार्टनच्या जातीची गोळी देतात. ती मनाने बंद करायची नाही. घरी बीपीचं मशीन घ्या. तंबाखू, विडी, आणि आमच्याकडच्या बायकांची मशेरी, सगळं बंद. मशेरीला कुणी तंबाखू धरत नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं.

चालणं चालू ठेवावं. श्वास कोंडून जोर लावण्याची कामं टाळायची: गॅस सिलेंडर, पाण्याचा हंडा, जिममधली वजनं, आणि बद्धकोष्ठ असताना कुंथणं. दादाने त्या दिवसापासून फळ्या उचलणं बंद केलं. भाचा आणि गावातली दोन मुलं गिरणीतून आणून द्यायची, हा फक्त रंधा मारायचा.

आणि ही गोष्ट लाल पेनाने लिहा: सिप्रोफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या जातीची अँटिबायोटिक्स अशा पेशंटना शक्यतो देत नाहीत. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०१८ मध्ये तसा इशारा दिला, कारण या औषधांनी धमनी फाटण्याचा धोका वाढू शकतो. आपल्याकडे जुलाब लागले की मेडिकलवाला विचारल्याशिवाय ऑफ्लॉक्सासिनची पट्टी काढून देतो. “मला अयोर्टाचा त्रास आहे, दुसरं काही आहे का ते डॉक्टरांना विचारून द्या” हे वाक्य पाठ करा.

अचानक दुखलं तर

इथे मी जास्त वेळ घेणार आहे.

धमनीच्या भिंतीला तीन थर असतात. आतला थर चिरला की रक्त थरांच्या मध्ये शिरतं आणि भिंत लांबवर सोलत जातं. याला डिसेक्शन म्हणतात. हृदयाजवळच्या भागात झालं तर ते ‘टाइप ए’, आणि सुरुवातीच्या दोन दिवसांत तासागणिक शंभरातला एक-दोन जण जातो, असं आम्हाला शिकवलं गेलं. पेशंट दुखण्याचं वर्णन फार सारखं करतात. क्षणात सुरू झालं. छातीत, मग पाठीत खांद्यांच्या पात्यांमध्ये, कधी कमरेपर्यंत उतरत गेलं. कापड टराटरा फाटावं तसं. दरदरून घाम. कुणाचा एक हात किंवा पाय गार पडतो, कुणाची वाचा जाते.

माझ्या नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एक ३८ वर्षांचा उंच, किडकिडीत माणूस आला होता. एका छोट्या गावी त्याला हार्ट अटॅक समजून गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं गेलं होतं. हेतू चांगला होता, ईसीजीतही बदल होते, कारण चीर कोरोनरीच्या तोंडापर्यंत गेली होती. पण फाटलेल्या धमनीत रक्त पातळ करणारं औषध म्हणजे रक्तस्राव थांबवायला हाती काही उरत नाही. ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात, नऊ तास गेले. सकाळी सात वाजता त्याच्या बायकोला सांगायला डॉक्टरांसोबत मी गेले होते. तिने पिशवीतून एक जुना इको काढून आम्हाला दाखवला. त्यात बुंध्याचा आकडा ४८ होता. तिने विचारलं, “यात काही होतं का?”

म्हणून फुगा माहीत असलेल्या माणसाला असं दुखलं, तर १०८ ला फोन करा, स्वतः गाडी चालवू देऊ नका, आणि पोचल्या पोचल्या हे शब्द म्हणा: “यांच्या अयोर्टाला एवढ्या सेंटीमीटरचा फुगा आहे. रक्त पातळ करणारं काही देण्याआधी डिसेक्शन नाही ना, बघा.” दोन्ही हातांचं बीपी घ्यायला सांगा. दोहोंत २० पेक्षा जास्त फरक असेल तर संशय बळावतो. फरक नसला म्हणून धोका टळत नाही. छातीचा एक्स-रे नॉर्मल आला म्हणूनही परत पाठवून चालत नाही. खात्री सीटी अँजिओनेच होते. ती सोय नसेल तर बीपी आणि ठोके खाली आणून, दुखणं शमवून, सीटी आणि हृदयशस्त्रक्रिया दोन्ही असलेल्या ठिकाणी लगेच हलवावं लागतं. निघण्याआधी तिकडे फोन करून ओटी आणि सर्जन आहेत का, विचारून घ्या. मधल्या एका हॉस्पिटलात थांबून चार तास घालवलेले नातेवाईक मी बघितले आहेत.

मायकेल डबेकी हे ह्यूस्टनचे सर्जन या शस्त्रक्रियेच्या जनकांपैकी एक. डिसेंबर २००५ मध्ये, वयाच्या ९७ व्या वर्षी, त्यांचीच धमनी अशी चिरली. फेब्रुवारी २००६ मध्ये, त्यांनीच रुळवलेल्या तंत्राने, त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर ते दोन वर्षांहून अधिक जगले.

ऑपरेशन म्हणजे काय करतात

“छल्ला टाकून होणार नाही का?” हा दादाचा पहिला प्रश्न. पाठीकडच्या उतरत्या भागात जांघेतून स्टेंट घालता येतो. हृदयाजवळ मात्र एका टोकाला झडप आणि कोरोनरी, दुसऱ्या टोकाला मेंदूच्या वाहिन्या. स्टेंटला टेकायला सरळ जागाच नसते. तिथे छाती उघडून धमनी बदलणं हीच आजची रूढ वाट.

फुगलेला भाग कापून त्या जागी डेक्रॉनची, म्हणजे पॉलिस्टरच्या विणलेल्या कापडाची नळी शिवतात. डबेकींनी सुरुवातीच्या नळ्या कापड आणून बायकोच्या शिवणयंत्रावर शिवल्या होत्या. हे सांगितल्यावर दादाचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला. हाताने काम करणाऱ्या माणसाला ते पटलं. १९५६ मध्ये त्यांनी आणि डेन्टन कूली यांनी हार्ट-लंग मशीनच्या, म्हणजे हृदय-फुफ्फुसांचं काम तेवढ्यापुरतं करणाऱ्या यंत्राच्या, आधाराने चढती अयोर्टा बदलली. बुंधा आणि झडप दोन्ही खराब असतील तर झडप बसवलेली नळी एकत्रच घालतात आणि कोरोनरींची तोंडं गोल बटणासारखी कापून त्या नळीला जोडतात. हे बेंटाल ऑपरेशन. लंडनच्या ह्यू बेंटाल आणि अँटनी डी बोनो यांनी १९६८ मध्ये मांडलेलं. झडपेच्या पाकळ्या चांगल्या असतील तर झडप तीच ठेवून भोवतीचा बुंधा बदलतात. ते टोरांटोच्या टिरोन डेव्हिड यांच्या नावाने ओळखलं जातं आणि तरुण पेशंटला फार मोलाचं आहे, पण ते नियमित करणारा हातच हवा. सर्जनला सरळ विचारा: तुम्ही वर्षाला अशी किती करता? चांगला सर्जन या प्रश्नाने चिडत नाही.

फुगा मुठीच्या भागात गेला असेल तर मेंदूचा पुरवठा जिथून होतो तीच जागा शिवायची असते. मग शरीर थंड करून रक्ताभिसरण थोडा वेळ थांबवतात आणि मेंदूला वेगळ्या नळीने रक्त देत राहतात. धोका अर्थातच वाढतो. दादाची आर्च ठीक होती.

झडप कुठली? इथे आमच्या घरात पंधरा दिवस वाद झाला. धातू-कार्बनची यांत्रिक झडप आयुष्यभर टिकते, पण आयुष्यभर वॉरफॅरिन किंवा असिट्रॉमसारखी रक्त पातळ ठेवणारी गोळी आणि आयएनआरची, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते मोजणारी, तपासणी लागते. गाय किंवा डुकराच्या ऊतीची झडप असेल तर ती गोळी कायमची लागत नाही, पण साधारण दहा-पंधरा वर्षांत झडप झिजते. पन्नाशीच्या आत बहुधा यांत्रिक, पासष्टीनंतर ऊतीची, मधल्या वयात माणूस बघून ठरवतात. भाचा म्हणत होता, एकदाच काय ते होऊ दे, यांत्रिक घाला. मी दादाचे हात दाखवले. करवत, वाकस, पटाशी. आठवड्याला एखादी जखम ठरलेली. आयएनआर करायला दर खेपेला ओला-सुका प्रवास. ऊतीची झडप ठरली, पुढे ती झिजली तर जांघेतून आत नवी बसवता येण्याची शक्यता गृहीत धरून. तुमच्या घरचा माणूस शाळेत शिकवत असेल, वय ४२ असेल, लॅब कोपऱ्यावर असेल तर उत्तर दुसरं येईल. मूल व्हायचं असलेल्या बाईने तर हे डॉक्टरांशी सगळ्यांत आधी बोलावं, कारण वॉरफॅरिन गर्भाला अपायकारक ठरू शकतं.

तयारी

दात तपासून घ्या. किडका दात म्हणजे नव्या झडपेला जंतूंचं आमंत्रण. दादाच्या दोन दाढा ऑपरेशनच्या तीन आठवडे आधी काढल्या. चाळिशीपुढे कोरोनरी अँजिओग्राफी करतात, ब्लॉक असतील तर बायपासही त्याच वेळी. श्वासाच्या व्यायामाचं तीन चेंडूंचं स्पायरोमीटर आधीच विकत आणा आणि आधीच सराव करा. ऑपरेशननंतर पहिल्यांदा हातात घेणारा माणूस दुखण्याने लवकर सोडून देतो. या ऑपरेशनात टाक्यांतून रक्त झिरपण्याचा धोका बायपासपेक्षा जास्त, म्हणून रक्तपेढीत रक्त, प्लाझ्मा, प्लेटलेट्स राखून ठेवतात. रक्तदाते गावाहून येणार असतील तर आदल्या रात्री नको, दोन-तीन दिवस आधी.

पैशांचं बघायला रेशनकार्ड आणि आधार घेऊन हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राकडे जा. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेची मर्यादा आता पाच लाख रुपये आहे. ऑपरेशनचं नाव, नळी आणि झडप, तिन्ही सर्जनकडून लिहून घ्या आणि योजनेत काय बसतं, वरचं किती पडतं, ते मंजुरीआधी विचारा. आरोग्यमित्राला “धमनीचा फुगा” एवढंच सांगितलं तर तो चुकीचं पॅकेज शोधत बसतो.

आयसीयूच्या काचेआडून

ऑपरेशन पाच ते आठ तास. छातीचं मधलं हाड कापतात, रक्त गोठू न देणारं हेपरिन देऊन रक्त हार्ट-लंग मशीनवर घेतात, पोटॅशियमच्या थंड द्रावाने हृदय थांबवतात, शिवण झाली की पुन्हा चालू करतात. या वेळात बाहेर कुणी येऊन काही सांगत नसेल तर ते काम चालू असल्याचं लक्षण आहे.

पहिल्यांदा भेटायला सोडतात तेव्हा माणूस ओळखू येत नाही. चेहरा सुजलेला, तोंडात व्हेंटिलेटरची नळी, मानेत, मनगटात सुया, पोटाच्या वरून निघालेल्या दोन-तीन ड्रेन नळ्या, त्यात लाल पाणी. मी रोज हे बघते, तरी दादाच्या पायाला हात लावल्यावर मला भरून आलं. पाय गरम होता. नातेवाइकांना मी तेच सांगते: पायाला हात लावा. तळवे गरम असतील तर बहुधा रक्त नीट फिरतंय. आम्ही मात्र ताशी ड्रेन मोजतो, लघवी मोजतो, बीपी वरही जाऊ देत नाही. ताज्या टाक्यांना जास्त दाब सोसत नाही. पहिल्या बारा तासांत रक्त जास्त आलं तर पुन्हा ओटीत नेऊन छाती उघडून बघतात. असा निरोप आला तर घाबरून हातपाय गाळू नका. ते वेळेवर करणं चांगल्या टीमचं लक्षण आहे.

नळी निघाल्यावर दोन-तीन दिवस काहीजण भ्रमिष्टासारखं बोलतात. दादा मला “पटाशी कुणी घेतली” विचारत होता. वाद घालू नये. चष्मा द्यावा, दिवस-रात्र सांगावी, ओळखीचा आवाज ऐकू द्यावा.

घरी आल्यावर

दादा नवव्या दिवशी घरी आला. हाड जुळायला आठ ते बारा आठवडे. तोवर दोन-तीन किलोच्या वर उचलायचं नाही, खोकताना छातीशी उशी घट्ट धरायची, कुशीवर वळून उठायचं, दोन्ही हातांवर जोर देऊन नाही, दुचाकी नाही. जखमेतून पाणी आलं, हाडाचा कट्कट् आवाज आला, किंवा १०० च्या वर ताप राहिला तर हॉस्पिटललाच फोन, घरगुती लेप नाही.

पहिले तीन महिने दादालाही रक्त पातळ करणारी गोळी होती. यांत्रिक झडपवाल्यांना ती कायमची. अयोर्टिक जागेच्या आजच्या यांत्रिक झडपेला आयएनआर बहुधा २ ते ३ मध्ये ठेवतात. पालेभाजी बंद करायची नसते. आठवड्याला जेवढी खाता तेवढीच खात राहायचं. आमच्याकडे श्रावणात एकदम रोज माठ, अळू, टाकळा सुरू होतो आणि आयएनआर खाली येतो, मग डोस वाढवतात, मग श्रावण संपतो आणि तो वर जातो. कुठलीही दुखण्याची गोळी, काढा, आयुर्वेदिक चूर्ण सुरू करण्याआधी विचारा. आयएनआर लागत नाही म्हणून मिळणाऱ्या नव्या गोळ्या यांत्रिक झडपेला चालत नाहीत. दात काढण्याआधी, झडप कुठलीही असो, अँटिबायोटिकचा डोस घ्यावा लागतो, तो दंतवैद्याला आठवण करून मागा.

फुगा काढला, पण उरलेली अयोर्टा त्याच माणसाची आहे. बीपीची गोळी कायम, आणि सीटी किंवा एमआरआय ठरलेल्या मुदतीने.

दादाचे रक्ताचे नातेवाईक

आई-वडील, भावंडं, मुलं, प्रत्येकाचा एकदा इको. फ्लो हायमन ही अमेरिकेची व्हॉलीबॉलपटू जानेवारी १९८६ मध्ये जपानमध्ये सामना चालू असताना कोसळून गेली. नंतर कळलं की तिला मारफान होता. तिच्या भावाला त्यानंतर तपासलं, त्याचीही धमनी फुगलेली निघाली आणि त्याचं वेळेत ऑपरेशन झालं.

आमच्याकडे मी केला, नॉर्मल आला. आई ७८ वर्षांची, तिचाही केला, तिने सगळा वेळ जेल गार लागतं म्हणून तक्रार केली. भाच्याच्या झडपेला दोन पाकळ्या निघाल्या. धमनी ३१ मिलिमीटर, आज काही करायचं नाही. तो २१ वर्षांचा आहे, कबड्डी खेळतो. कार्डिओलॉजिस्टनी खेळ चालू ठेवायला सांगितलं, वजनं उचलण्याला मर्यादा घातली आणि पुढच्या इकोची तारीख दिली. ती मी वहीत लिहिली आणि वहिनीने स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवरही.

दादाच्या पाकिटात आता एक लॅमिनेट केलेलं कार्ड असतं. तुमच्या माणसासाठी तसंच करा, मोठ्या अक्षरात, एका बाजूला मराठी, एका बाजूला इंग्रजी. त्याच्या कार्डावर असं आहे: बेंटाल ऑपरेशन झालेलं आहे. २८ मिलिमीटरची डेक्रॉन नळी, ऊतीची झडप. शेवटच्या सीटीत आर्च ३२. छातीत किंवा पाठीत अचानक दुखल्यास आधी अयोर्टाची सीटी. सिप्रो-ऑफ्लॉक्स जातीचं औषध नको. दातांच्या कामाआधी अँटिबायोटिक. खाली वहिनीचा नंबर, आणि त्याखाली माझा.